चोराच्या दाराशी बसवलेला फ्यूज

शुभा, तुझ्या शोकसभेतून मी मध्येच उठून गेले. लोकांना वाटलं, वृंदाताईंना रडू आवरेना. रडू कसलं डोंबलाचं! राग आवरेना. आणखी थोडा वेळ बसले असते तर तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर उभी राहून भांडले असते, आणि तुझ्या माधवरावांच्या डोक्याला आधीच काय कमी ताप होता?

सभा आपल्या कॅंटीनमध्येच होती. वागळे इस्टेटमधल्या त्याच पत्र्याच्या शेडखाली, जिथे तू आणि मी उभा जन्म एकमेकींच्या डब्यातलं लोणचं पळवलं. टेबलं भिंतीला सरकवली होती. फोटो म्हणून तुझ्या ओळखपत्रावरचाच मोठा करून ठेवला होता. त्यात तुझी नुकतीच कुणीतरी खरडपट्टी काढल्यासारखी तू दिसतेस. मला हसूच आलं. खरडपट्टी काढायचं खातं तर कायम तुझ्याकडे होतं.

मग सर बोलायला उभे राहिले. मोठ्या शेठचा मुलगा. आपण त्याला हाफ चड्डीत कंपनीभर पळताना पाहिलंय, पण आता खुर्चीवर तो आहे, म्हणून सर. म्हणाले, "शुभदाताई म्हणजे आपल्या कंपनीचा फ्यूज होत्या. त्या स्वतः जळाल्या, पण आपल्याला काही होऊ दिलं नाही." लाईनवरच्या बायकांनी ओढण्या डोळ्यांना लावल्या. अकाउंट्सवाले माना डोलवायला लागले. मी फोटोकडे बघत होते. तू असतीस तर मागच्या बाकावरून आवाज आला असता, "सर, फ्यूज जळत नाही, वितळतो. आणि तो उडाला की भाषण नाही करायचं, तो का उडाला ते बघायचं." 

तेवढ्यावर भागलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. माणूस गेल्यावर लोक काहीही बोलतात, त्याला इलाज नाही. पण सरांनी पुढे जाहीर केलं, "ताईंची आठवण म्हणून आपल्या नव्या ऑसिलेटरचं नाव आपण 'शुभदा' ठेवतोय." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! आणि नवा ऑसिलेटर म्हणजे कुठला, तर तोच, ज्यातून फ्यूज काढून टाकलाय. ज्याच्यासाठी तू शेवटचे सहा-सात महिने सगळ्यांशी वाकडं घेतलंस, तोच. त्याच्या झाकणावर तुझं नाव. मी उठले आणि बाहेर गेले.

हे लिहिलेलं माधवराव वाचतील, आणखीही चार जण वाचतील, म्हणून तुला तोंडपाठ असलेलं मी इथे पुन्हा सांगते. तू लाईनवर आलेल्या नव्या मुलींना सांगायचीस, तसंच सांगते. ऑसिलेटरच्या डबीत क्वार्ट्झचा एक पातळ तुकडा असतो, क्रिस्टल. तो ठरल्या ठेक्यात थरथरतो आणि त्या ठेक्यावर टॉवरपासून सिग्नलपर्यंत सगळ्यांची घड्याळं चालतात. पण तो भारी नाजूक. ऊन लागलं की ठेका बदलतो, गारवा लागला तरी बदलतो. म्हणून त्याला आगपेटीएवढ्या ओव्हनमध्ये ठेवायचं आणि तो ओव्हन कायम बाहेरच्या उन्हाहून थोडा जास्त गरम राखायचा. "ही बाळंतिणीची खोली," तू म्हणायचीस. "बाहेर मे महिना असो नाहीतर डिसेंबर, हिच्या खोलीत शेगडी तेवढीच पेटती." मुली हसायच्या, पण त्यांच्या ते कायमचं डोक्यात बसायचं. तू क्वालिटीची आणि मी डिझाइनची माणूस, मी फळ्यावर आलेख काढून समजवायचे आणि त्या जांभया द्यायच्या.

आणि थर्मल फ्यूज म्हणजे त्या शेगडीपाशी बसलेली मावशी. आत मेणासारखी एक बारीक गोळी असते. हीटर ताब्याबाहेर गेला, उष्णता मर्यादेपलीकडे चढली, की गोळी वितळते, आतली स्प्रिंग सुटते आणि हीटरची वीज बंद. एकदाच, आणि कायमची. मावशी वर्षानुवर्षं नुसती बसून असते, म्हणून हिशेबी लोकांना वाटतं की हिला फुकट कशाला पोसायची?

आपल्याकडे ही मावशी आली ती म्हात्र्यांच्या तळहातामुळे, हे तरी सरांना कुणी सांगितलंय का? ते तेव्हा शाळेत होते. म्हात्रे म्हणजे टिटवाळ्याजवळच्या एका टॉवरच्या केबिनवर देखभालीला असलेला माणूस, खाडीकाठच्या गावातला. एक दिवस हाताला पांढरी पट्टी बांधून आपल्या दारात उभा. दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत आपला ऑसिलेटर, काळाठिक्कर पडलेला. त्यातला हीटरची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला होता आणि हीटर तापतच गेला होता. आजूबाजूचं प्लास्टिक वितळून केबिनमध्ये धूर झाला होता. म्हात्रे म्हणाले, "मना वाटला बंद परलाय, म्हनून उचलला. चामरीच निघाली हाताची."

मी पिशवीतून पीस काढला आणि झाकण उघडून काय जळलंय ते बघायला लागले. तू पीसकडे ढुंकूनही बघितलं नाहीस. म्हात्र्यांना खुर्ची दिलीस, पाणी दिलंस, त्यांचा हात आपल्या हातात घेतलास आणि पट्टीच्या कडेने दिसणारी कातडी बघत राहिलीस. दुसऱ्या दिवशी मोठ्या शेठसमोर जाऊन उभी राहिलीस, "फ्यूज नसेल तर मी एकही पीस पास करणार नाही." शेठ जुन्या वळणाचे होते, शिव्या द्यायचे पण ऐकायचे. फ्यूज आला.

आला, आणि पहिल्याच बॅचला आपलं हसं झालं! निम्मे फ्यूज आपल्याच टेबलावर उडाले. उष्णतेने उडणारी वस्तू आपण तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने जोडत होतो, मग दुसरं काय होणार? सगळे पुरवठादाराच्या नावाने खडे फोडत होते. दोन-तीन शहाण्यांनी तर उडालेल्या फ्यूजवर तार टाकून, जंपर मारून, पीस पुढे सरकवले होते. ते तुझ्या हाती लागले तेव्हा तुझा जो आवाज चढला तो बाहेर रस्त्यावरच्या चहावाल्याला ऐकू गेला असेल. मग तू स्वतःच्या केसातला पत्र्याचा चाप काढलास, फ्यूजच्या पायाला लावलास आणि म्हणालीस, "आता कर सोल्डर." आयर्नची धग चापात गेली, फ्यूज वाचला. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या बाजारातून चापांचा डबाच घेऊन आलीस. तेव्हापासून आपल्या लाईनवर कुणी 'जेवलीस का' विचारायच्या आधी 'चाप लावला का' विचारतं. कुठल्या कंपनीत ही पद्धत नसेल. बाहेरचे पाहुणे येऊन बघायचे, एवढ्या महागड्या यंत्रांच्या रांगेत केसांचे चाप कशाला?

आणि दर बॅचमधला एक पीस तू मुद्दाम मारायचीस. ट्रान्झिस्टर शॉर्ट करायचा आणि फ्यूज वेळेवर सुटतो की नाही ते बघायचं. चांगला चालता पीस कायमचा गेला. लाईन सांभाळणारी संगीता त्याला नैवेद्य म्हणायची. "ताई, नैवेद्याचा पीस काढून ठेवलाय." ऑफिसातून दर वेळी बोंब यायची की ही उधळपट्टी आहे, आणि तू दर वेळी त्यांना म्हात्र्यांच्या हाताची गोष्ट सांगायचीस. त्यांना ती पाठ झाली होती. पाठ झालेल्या गोष्टीचं मग कुणाला काही वाटेनासं होतं.

आपलं दोघींचं भांडण मात्र फ्यूज असावा की नसावा यावर कधीच नव्हतं. तो बसवायचा कुठे, यावर होतं. मी म्हणायचे, क्रिस्टलच्या शेजारी. जे जपायचंय त्याच्याजवळ राखण हवी. तू म्हणायचीस, हीटरच्या ट्रान्झिस्टरला खेटून. "अगं वृंदे, गुरखा तिजोरीपाशी झोपवून काय उपयोग? चोर माहितीये ना कोण आहे ते? मग चोराच्या दाराशी बसव की त्याला." मी म्हणायचे, हीटरजवळ कायमच धग जास्त, तिथे फ्यूज लवकर थकेल आणि उगाच उडेल. तू म्हणायचीस, क्रिस्टलपर्यंत धग पोचेस्तोवर बाहेर कुणाचा तरी हात भाजलेला असेल. वर्षानुवर्षं हेच. कधी मी जिंकायचे, कधी तू, आणि प्रत्येक मॉडेलमध्ये फ्यूज इकडून तिकडे सरकत राहायचा.

एका नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत आपली याच्यावरूनच जुंपली होती, आठवतं? तुझ्या हातात ओटीचं ताट, माझ्या हातात नारळ, आणि तू ताटातल्या हळदीकुंकवाच्या पुड्या इकडे-तिकडे हलवून मला दाखवतेयस, "हा हीटर, हा क्रिस्टल." मागच्या बाईंनी शेवटी हात जोडले, "अहो, फ्यूजचं काय ते नंतर बोला हो, देवीच्या मंडपात लाईट जायची." तू त्या बाईंनाच विचारलंस, तुमच्या घरी मीटरच्या पेटीत तार कुठली टाकलीये, जाड की बारीक? बिचाऱ्या एक पाऊल मागे सरकल्या. देवीसमोर गेल्यावर तू डोळे मिटून बराच वेळ उभी होतीस. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलंस? म्हणालीस, तुला अक्कल. आणि नेहमीसारखी खोपटच्या डेपोपर्यंत, माझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत, भांडत सोडायला आलीस. मला ते दिवस फार हवे आहेत गं.

मग हे नवं मॉडेल आलं. मीटिंगमध्ये सर पडद्यावर चित्रं दाखवत होते. "आता आत कंट्रोलर चिप आहे. टेम्परेचर वाढलं की तीच हीटर बंद करणार. सॉफ्टवेअरमध्येच लिमिट टाकलंय. मग फ्यूजची गरजच काय? सोल्डरिंगचा टाइम वाचतो, ते चापबिप सगळं बंद." तू अगदी हळू आवाजात विचारलंस, आणि तुझा हळू आवाज मला जास्त भीतीदायक वाटतो, "सर, चिप हीटर बंद करणार कशाने? ट्रान्झिस्टरनेच ना? आणि ट्रान्झिस्टरच शॉर्ट झाला तर? जो बिघडणार, त्यालाच राखणीला ठेवताय तुम्ही." मीही बोलले, मोठ्याने बोलले. सर म्हणाले, "ताई, तुम्ही खूप नेगेटिव्ह विचार करता." अगं, क्वालिटीवाल्या माणसाने काय पॉझिटिव्ह विचार करायचा? त्यासाठी मार्केटिंग आहे की!

त्यानंतर तुझं टेबल हलवलं. तुला सल्लागार केलं. नाव मोठं, जागा स्टोअरच्या शेजारी, पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये, आणि पीस पास करायचा अधिकार काढून घेतला. सगळं कसं गोड बोलून, पुष्पगुच्छ देऊन! त्या पुष्पगुच्छातली फुलं तू लाईनवरच्या मुलींना वाटून टाकलीस आणि दोऱ्याची गुंडाळी करून पर्समध्ये ठेवलीस. दोरा कामाला येतो म्हणालीस.

आता तुझ्यावरचा राग. तो काय मी वर घेऊन जाणार नाहीये, इथेच काढणार. तुला जिना चढताना घाम फुटत होता. कॅंटीनपर्यंत जाताना तू दोनदा थांबायचीस आणि थांबण्याचं निमित्त म्हणून नोटीस बोर्ड वाचायचीस, ज्यावर गेल्या दिवाळीची सूचना अजून होती. मी विचारलं की, "ॲसिडिटी आहे गं," आणि ओव्याची चिमूट तोंडात. डॉक्टरकडे चल म्हटलं की, "हे मॉडेल एकदा मार्गी लागू दे." मार्गी लागू दे! ते मॉडेल काय तुझ्या पोटचं होतं? सरांनी तुला फ्यूज म्हटलं म्हणून मी चिडले, आणि आता मीच तसं म्हणणार आहे, पण माझं म्हणणं बरोबर आहे. तू स्वतःच्या फ्यूजवर जंपर मारून हिंडत होतीस, शुभा. जंपर मारणाऱ्यांना कंपनीभर शिव्या घालणारी बाई स्वतः ओवा चघळत फिरत होती. तुझ्या लाईनवर कुणी असं केलं असतं तर तू त्याला उभं सोललं असतंस. मला मात्र तू ती संधीही दिली नाहीस.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना म्हटलं, "सर, नाव द्यायचं तर आत फ्यूज घाला. नाहीतर नाव काढा."

सर दुखावले. खरंच दुखावले, ते खोटं नव्हतं. म्हणाले, "मॅडम, ताईंनी मला लहानपणी गणित शिकवलंय. माझ्यासाठी हे इमोशनल आहे. आणि डिझाइन आता फ्रीझ झालंय, कस्टमरला सॅम्पल गेलेत. तुम्ही प्लीज इश्यू नका करू. मी घरच्यांशीही बोललोय, काकांना खूप छान वाटलं."

 माधवरावांना छान वाटलं? मग मी कोण बोलणारी? तरी रविवारी मी डोंबिवलीला गेले. तुमचे तीन जिने चढताना तुझी आठवण काढून दोन शिव्या दिल्या. माधवरावांनी स्वतः चहा केला. साखर जास्त पडली होती. गॅस बंद केल्यावर त्यांनी खटका एकदा बघितला, पुन्हा जाऊन बघितला, आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसले. म्हणाले, "तिची सवय. आता मला लागली."

मी कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होते. तेच म्हणाले, "वृंदाताई, सरांचा फोन आला होता. एवढ्या मोठ्या वस्तूला हिचं नाव देतायत. तिच्या नावाचं काहीतरी राहील. मी हो म्हणायच्या बेतात होतो. पण एक विचारायचं राहिलं. बरं झालं तुम्ही आलात, तुमच्यासमोरच विचारतो."

आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही. "सर, मी शुभदाचा मिस्टर बोलतोय. एकच विचारायचं होतं. त्यात फ्यूज आहे ना?"

पलीकडून सर म्हणाले, "काका, ॲक्चुअली आता टेक्नॉलॉजी पुढे गेलीये, तर त्याची गरज..."

"म्हणजे नाही."

"काका, तुम्ही समजून घ्या..."

"मला काही समजत नाही हो, मी जन्मभर पोस्टात काम केलं. पण आमच्या सोसायटीत वायरमनने मीटरच्या पेटीत फ्यूजऐवजी जाड तार टाकली होती, तेव्हा ती जेवण अर्धं टाकून खाली गेली होती. वायरमनला स्टूलवरून उतरवून स्वतः चढली. त्यात फ्यूज नसेल तर तिचं नाव नको. ती मला घरात घेणार नाही."

'घेणार नाही' म्हणाले ते, शुभा. 'घेतलं नसतं' नाही. फोन ठेवल्यावर त्यांच्याही ते लक्षात आलं आणि मग आम्ही दोघं त्या गोड चहाकडे बघत बसलो. सभेत न आलेलं रडू मला तिथे आलं.

सोमवारी सरांनी मला बोलावून घेतलं. चेहरा लाल. "मॅडम, काकांना तुम्ही शिकवलंत?" मी म्हटलं, "मी कशाला शिकवू? बत्तीस वर्षं तिच्याशी संसार केलाय त्यांनी." म्हणाले, "ठीक आहे, नाव कॅन्सल. मॉडेल मात्र आहे तसंच जाणार." म्हणजे बघ! ज्याला तुझं नाव शोभत नाही हे कळलं, ती वस्तू लोकांच्या केबिनमध्ये जाऊन बसायला मात्र चालते. नावाला फ्यूज पाहिजे, म्हात्र्यांच्या हाताला नको.

तेव्हा माझा तोल गेला. म्हणजे बाहेरून मी अगदी शांत होते, पण तुला माझी ती शांतता माहीत आहे. मी लाईनवर गेले आणि संगीताला म्हटलं, "नव्या मॉडेलचा एक पीस दे. नैवेद्य दाखवायचाय." तिने पीस दिला आणि माझ्यामागून केबिनच्या दारापर्यंत आली.

मी तो पीस सरांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या माऊसच्या पॅडवर. वीज जोडली. त्यांच्याच लॅपटॉपला केबल लावली, म्हणजे चिप काय म्हणतेय ते त्यांना दिसेल. मग तू करायचीस तसा ट्रान्झिस्टर शॉर्ट केला आणि समोर बसले. स्क्रीनवर आकडा चढायला लागला. मर्यादा ओलांडल्यावर चिपने लाल अक्षरांत ओरडायला सुरुवात केली. बिचारी इमानदार होती, पण तिच्या हातात ओरडण्यापलीकडे काही नव्हतं. आकडा चढतच राहिला. रबर करपल्याचा वास आला. माऊसचं पॅड सुरकुतलं आणि त्यातून धुराची एक रेघ निघाली.

"मॅडम, बंद करा," सर म्हणाले.

"चिप बंद करणार आहे ना? बघू या."

"मॅडम!"

"नाहीतर तुम्ही उचलून बाजूला ठेवा," मी म्हटलं. "उचला. म्हात्र्यांनी उचलला होता."

त्यांनी हात पुढे केला आणि अर्ध्यावरच मागे घेतला. दारात संगीता उभी होती, तिने मेन स्विच पाडला.  टेबलावर चौकोनी डाग पडला होता, तो अजून आहे. त्यावर आता त्यांनी कॅलेंडर ठेवलंय. सरांनी घसा साफ केला आणि विचारलं, "फ्यूज टाकायचा तर ड्रॉइंगला किती दिवस लागतील?" माफी नाही, काही नाही. पण मला माफी कशाला हवी होती?

तर फ्यूज आलाय. माधवरावांनी पुन्हा फोन करून खात्री केली आणि मग नावाला परवानगी दिली. 'शुभदा' आता कागदोपत्री कायम झालंय. तुला हे आवडलं नसतं, मला माहीत आहे. "एखादा पीस बंद पडला की लोक म्हणतील शुभदा बंद पडली," असं काहीतरी बोलली असतीस. बोल. कोण अडवतंय?

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती सांगायलाच मी हे लिहायला बसले. ड्रॉइंग मी केलं. फ्यूज कुठे बसवायचा हे ठरवायला आता कुणाशी भांडायची गरज नव्हती. मी तो क्रिस्टलला खेटून बसवला, इतकी वर्षं म्हणत होते तसा. कुणी हू की चू केलं नाही. "मॅडमनी काढलंय म्हणजे बरोबरच." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, तर सगळा दिवस कसंतरीच होत राहिलं. फ्यूज उडाला की ओव्हन गार होतो, पण क्रिस्टल बंद पडत नाही, ठेका थोडा चुकवत तसाच चालत राहतो आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. तू गेल्यापासून माझं तसंच चाललंय.

काल पहिला पीस जोडायला घेतला. संगीताने फ्यूज उचलला, जागेवर धरला, सवयीने डब्यातला चाप काढला, आणि थांबली. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग मला हाक मारली. "मॅडम, ह्याच्यात चाप कुठे लावू?"

मी जाऊन बघितलं. क्रिस्टल आणि फ्यूजमध्ये जागाच नव्हती. चाप सोड, नखसुद्धा शिरलं नसतं. चाप लावल्याशिवाय सोल्डर केला तर फ्यूज आपल्याच टेबलावर मरणार, आणि मग कुणीतरी गुपचूप जंपर मारणार. आजूबाजूला मोकळी जागा होती ती एकाच ठिकाणी, हीटरच्या ट्रान्झिस्टरपाशी.

बाकीच्या मुली माझ्याकडे बघत होत्या. संगीता चाप हातात धरून उभी होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. आपलं भांडण ऐकतच ती लहानाची मोठी झाली आहे या लाईनवर. मी म्हटलं, "हसू नकोस." ती म्हणाली, "मी कुठे हसतेय मॅडम? मी नुसती विचारतेय."

उद्याची वाट बघितली नाही, तिथेच बसून ड्रॉइंग बदललं. फ्यूज हलवला. घे, बसवला चोराच्या दाराशी. लवकर थकेल, उगाच उडेल, हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे, आणि तसं झालं तर मी तुझ्या फोटोसमोर उभी राहून तुला ऐकवणार आहे. पण तो आता तिथेच राहणार, तुझ्या नावाच्या डबीत, तू सांगितलेल्या जागी. झालं समाधान?

जिंकायचंच होतं, तर समोर बसून जिंकायचं होतंस गं, शुभा.